तास नाही, सोमाइट मोजा : नागपूरच्या उन्हाळ्यातल्या न्यूरल ट्यूब प्रकल्पाच्या नोंदी

९ मार्च

विषय फायनल झाला. कोंबडीच्या गर्भात मेंदू आणि मज्जारज्जू कुठे काय व्हायचं हे कसं ठरतं, ते बघायचं. हे दोन्ही ज्या नळीतून बनतात ती न्यूरल ट्यूब. १८ तासांपासून ७२ तासांपर्यंतच्या अंड्यांचे होल माउंट (अख्खा गर्भ स्लाइडवर) करायचे, ७२ तासवाल्यांचे आडवे काप काढायचे आणि सोबत पेशींना निरोप देणारे सिग्नल रेणू कसे पसरतात ते दाखवणारं अगारचं एक साधं मॉडेल. सर म्हणाले, "काप नीट आले तरच पुढचं बोलू." विभागाच्या समितीची परवानगी आधीच झाली आहे.

हा विषय मी का घेतला ते एकदा लिहून ठेवते. मागच्या सेमला हिल्डे मँगोल्डचा प्रयोग शिकवला होता, तो डोक्यातून गेलाच नाही. तिने न्यूटच्या (सरड्यासारखा दिसणारा, बेडकाचा नातेवाईक) एका गर्भातला ब्लास्टोपोरच्या, म्हणजे जिथून पेशी आत शिरतात त्या छिद्राच्या, वरच्या ओठाचा बारकासा तुकडा काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला लावला आणि तिथे दुसरं अख्खं शरीर उगवलं, पाठीचा कणा, न्यूरल ट्यूब, सगळं. दोन जाती वेगळ्या रंगाच्या घेतल्या होत्या म्हणून नंतर कापात ओळखता आलं की ती नवीन न्यूरल ट्यूब बहुतेक सगळी यजमान गर्भाच्या पेशींची आहे. म्हणजे ज्या पेशी पोटाची कातडी होणार होत्या त्यांना शेजाऱ्याने मज्जासंस्था व्हायला लावलं! पेपर १९२४ चा. त्याच वर्षी ती भाजून गेली, वय जेमतेम २५. नोबेल १९३५ मधे तिच्या गाइडना, श्पेमानना मिळालं. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर तिचं नाव असणार, हे मी ठरवलं आहे.

शेजारी नेमकं काय सांगतो हे कळायला मात्र जवळपास ७० वर्षं लागली. १९९२ ला नॉगिन सापडलं, १९९४ ला कॉर्डिन, आणि दोघांचं काम निघालं अडवण्याचं. बाहेरच्या थरातल्या पेशींना बीएमपी नावाचं प्रोटीन सतत "कातडी हो, कातडी हो" सांगत असतं, नॉगिन आणि कॉर्डिन त्या बीएमपीलाच धरून ठेवतात, मग ज्या पेशींना ते ऐकू येत नाही त्या मज्जासंस्थेकडे वळतात. हे वाचल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून होते.

१४ मार्च

अगारचं मॉडेल. मिठाईचे पारदर्शक प्लास्टिक डबे घेतले, त्यात दीड टक्क्याचं अगार ओतलं, खाली ग्राफ पेपर चिकटवला, एका टोकाला खाच पाडून त्यात खायचा निळा रंग टाकला. १ तासाला रंगाची कड ४ मिमी, ४ तासाला ८, ९ तासाला १२ च्या जवळ. म्हणजे अंतर दुप्पट तर वेळ चौपट. नुसतं पसरून पोचायचं असेल तर लांबचं अंतर फार महाग पडतं. फ्रान्सिस क्रिकनी १९७० मधे हाच हिशोब गर्भासाठी मांडला होता की काही तासांत ग्रेडियंट (जवळ जास्त, लांब कमी असा उतार) तयार व्हायचा असेल तर अंतर साधारण मिलिमीटरच्या आतच हवं, आणि गर्भात ही अंतरं खरोखरच तेवढीच असतात. माझ्या डब्यात आकडे तसेच आले याचा खूप आनंद झाला, प्रोजेक्ट पार्टनरला फोन करून सांगितलं.

१६ मार्च

निळा रंग पूर्ण डब्यात गेला. सगळीकडे सारखा फिका. ग्रेडियंट संपला. यातून काय दाखवणार?

पण शेजारच्या डब्यात दुसरंच काही झालं आहे. साधं अगार संपलं होतं म्हणून त्यात न्यूट्रिएंट अगार ओतलं होतं आणि रंग म्हणून पोटॅशियम परमँगनेट टाकलं होतं. ते जांभळं थोडंसं गेलं, कडेला तपकिरी झालं आणि तिथेच अडलं. निळा पार टोकाला पोचला तरी हे पुढे सरकेना. पार्टनर म्हणाली खराब झालं, फेकू. मी म्हटलं थांब ना जरा. न्यूट्रिएंट अगारमधले पदार्थ परमँगनेटला खाऊन राहिले, म्हणून ते पसरता पसरता संपून राहिलं. एका बाजूने येतं, वाटेत खर्च होतं, म्हणून जवळ जास्त आणि लांब कमी असा उतार टिकतो.

गर्भातही असंच लागतं. नुसता उगम असून चालत नाही, वाटेत कोणीतरी ते रेणू गिळणारंही लागतं, नाहीतर शेवटी सगळीकडे सारखं आणि कोणत्याच पेशीला आपली जागा कळणार नाही. हा डबा ठेवला आहे, फोटो रोज काढणार.

२३ मार्च

पहिली बॅच. हॅचरीतून २४ फर्टाइल अंडी आणली. ३७.५ अंशाला इन्क्युबेटर, खाली पाण्याचा ट्रे, अंडी आडवी, वरच्या बाजूला पेन्सिलने फुली.

गर्भ काढायची पद्धत लिहून ठेवते कारण पुस्तकात एका ओळीत आटोपतात आणि हाताला मात्र दोन दिवस लागतात. अंडं सलाइनच्या वाडग्यावर फोडायचं, बलक न फुटता उतरला पाहिजे. गर्भाची पांढुरकी चकती बलकावर फिरून आपोआप वर येते, तिच्यावरचा घट्ट पांढरा भाग टिश्यूने हळूच ओढून घ्यायचा, हा राहिला तर रिंग चिकटतच नाही. मग फिल्टर पेपरची रिंग, मधलं भोक पंचिंग मशीनने पाडलेलं, ती अशी ठेवायची की गर्भ बरोबर भोकात दिसेल. पाच-सात सेकंद थांबायचं, पेपर ओला होऊन पडद्याला धरतो. मग रिंगच्या बाहेरून कात्रीने चारी बाजूंनी कापायचं आणि चिमट्याने तिरपं उचलायचं, सरळ वर ओढलं की फाटतं. उलटं करून सलाइनमधे हलवलं की बलक निघून जातो आणि मग भोकात जे दिसतं... तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, काचेसारखं, मधोमध एक रेघ.

आज ११ फाडले, ३ चांगले आले. लॅबचे काका म्हणाले, "पोरी, चाळीस अंडी झाली की हात बसतो."

२७ मार्च

मोठा घोळ. चार दिवस विचार करून राहिलो आम्ही दोघी की चुकतंय कुठे.

चार्टप्रमाणे २४ तासांच्या अंड्यात पहिली सोमाइटची जोडी (ट्यूबच्या दोन्ही बाजूंना जोडीने येणारे पेशींचे गठ्ठे) दिसायला पाहिजे, फार तर २६-२९ तासाला ४ जोड्या. आम्हाला २४ तासाच्या नावाने एकात ७ जोड्या, एकात ४, एकात काहीच नाही नुसती प्रिमिटिव्ह स्ट्रीक, म्हणजे त्याच्या आधीची मधली रेघ. एकाच ट्रेमधली अंडी! पार्टनरला वाटलं मी लेबल अदलाबदल केले, मला वाटलं तिने केले, थोडं भांडणही झालं.

मग काकांनी विचारलं, अंडी आणली कशी? टेम्पोत, दुपारी १ वाजता, उन्हात. तिथेच उत्तर होतं. अंड्यातला गर्भ आपण इन्क्युबेटरमधे ठेवायची वाट पाहत नाही, पंचवीस-सत्तावीस अंशाच्या वर गेलं की तो हळूहळू वाढायला लागतो. नागपूरचा मार्च, टेम्पोचा पत्रा, वरच्या क्रेटला जास्त ऊन खालच्याला कमी. आमचा शून्य तास त्यांचा शून्य तास नव्हताच.

हॅमबर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मधे कोंबडीच्या वाढीच्या ४६ स्टेज केल्या त्या याच कारणाने, की तासावर भरवसा ठेवता येत नाही, शरीर काय दिसतं त्यावर ठेवा. हा हॅमबर्गर श्पेमान यांचाच विद्यार्थी. चार्ट पहिल्या दिवसापासून भिंतीवर होता, त्यातली तासांची रांग वाचत होतो, चित्रांची वाचतच नव्हतो. आजपासून वहीत तासांचा कॉलम दुसरा, सोमाइटच्या जोड्यांचा पहिला. अंडी सकाळी ६ ला, ओल्या पोत्यात गुंडाळून आणायची आणि ठेवेपर्यंत १५ अंशाच्या खोलीत.

२ एप्रिल

उजाडल्यापासून वाचन. सॉनिक हेजहॉग या सिग्नल प्रोटीनवर आज खूप वेळ गेला आणि तो लावण्यासारखाच विषय आहे.

आधी माशीत हेजहॉग जीन सापडलं, १९८० मधे, न्युस्लाइन-फोलहार्ड आणि विशाउस यांच्या कामात (नोबेल १९९५), ते नसलं की अळीच्या अंगावर सगळीकडे काटेच काटे म्हणून हेजहॉग या काटेरी प्राण्याचं नाव. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतलं त्याचं भावंड १९९३ मधे मिळालं, नाव व्हिडिओ गेममधल्या निळ्या पात्रावरून. ते आधी नोटोकॉर्डमधून निघतं, म्हणजे न्यूरल ट्यूबच्या बरोबर खाली जो दांडा असतो त्यातून. त्याच्या प्रभावाने ट्यूबच्या तळाशी फ्लोअर प्लेट, म्हणजे तळाची पट्टी, तयार होते आणि मग तीही तेच सोडायला लागते. त्याच्या आधीच, १९९० च्या आसपास, कोंबडीच्याच गर्भात करून पाहिलेलं होतं की जास्तीचं नोटोकॉर्ड ट्यूबच्या बाजूला लावलं तर तिथे बाजूलाच दुसरी फ्लोअर प्लेट आणि मोटर न्यूरॉन (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी) येतात, आणि आपलं नोटोकॉर्ड काढून घेतलं तर येतच नाहीत. वरून उलटा कारभार, कातडीतून आणि नंतर ट्यूबच्या छताच्या रूफ प्लेटमधून बीएमपी आणि विंट हे सिग्नल, त्यामुळे वरच्या बाजूला स्पर्श, वेदना असली माहिती घेणारे न्यूरॉन आणि खाली स्नायू हलवणारे. माझ्या पायाला चटका बसला आणि मी पाय ओढला, यातली आत येणारी आणि बाहेर जाणारी बाजू इतक्या लवकर, दोन दिवसांच्या गर्भात, खालून-वरून आलेल्या रेणूंनी वेगळी केली आहे.

मला समजायला जड गेलं ते पुढचं. मी समजत होते की जास्त डोस म्हणजे एक जात, कमी डोस म्हणजे दुसरी, वोल्पर्ट या शास्त्रज्ञाने १९६९ मधे मांडलेल्या तीन पट्ट्यांच्या झेंड्यासारखं. डिशमधे ठेवलेल्या तुकड्यांवर तसं दिसतंही, सॉनिक हेजहॉग दोन-तीन पट वाढवलं की पेशींची जात एक पायरी खालची होते. पण गर्भात नुसता डोस नाही, किती वेळ मिळाला तेही मोजलं जातं. तळाजवळच्या पेशीत आधी ओलिग२ हे जीन चालू होतं, जे मोटर न्यूरॉनच्या पूर्वज पेशींची खूण. सिग्नल तिथेच थांबला तर ती मोटर न्यूरॉनच्या वाटेला जाते. सिग्नल जोरात आणि जास्त वेळ चालू राहिला तर एनकेएक्स२.२ चालू होतं, ते ओलिग२ ला बंद करतं आणि तीच पेशी आणखी खालच्या जातीकडे वळते. शेजारच्या पट्ट्यांची जीन एकमेकांना दाबून ठेवतात म्हणून मधली रेघ पुसट न राहता स्वच्छ होते.

आणि पेशी मोजते कशी? पेशीच्या पडद्यावर पॅच्ड नावाचं प्रोटीन बसलेलं, ते स्मूदन्ड नावाच्या दुसऱ्याला दाबून ठेवतं. सॉनिक हेजहॉग येऊन पॅच्डला चिकटला की स्मूदन्ड सुटतं, आत ग्ली प्रोटीन कामाला लागतात, जीन चालू. या चालू होणाऱ्या जीनमधे पॅच्ड स्वतःच आहे! सिग्नल मिळाला की पेशी आणखी पॅच्ड बनवते, येणारा सॉनिक हेजहॉग त्यात अडकतो, आणि पेशीचा कान हळूहळू जड होतो, आधीसारखाच परिणाम हवा तर आता जास्त सिग्नल लागतो. २००७ मधे जेम्स ब्रिस्को यांच्या गटाने हे दाखवलं. म्हणजे डोस आणि वेळ हे वेगळे दोन हिशोब राहतच नाहीत.

माझा तपकिरी झालेला डबा आठवला. तिथे गिळणारं अगार होतं, इथे ऐकणारी पेशीच गिळणारी आहे.

११ एप्रिल

बॅच ४ पूर्ण गेली. ३० अंडी.

बाहेर ४३, खोलीत दुपारी ३९ च्या वर. आपला इन्क्युबेटर फक्त गरम करतो, थंड करू शकत नाही, खोलीच तापली की तो बंद राहूनही आत तेवढंच. काल दुपारी ३ ला आत ४०.५ दाखवत होता, किती वेळ होतं कोणास ठाऊक. आज फोडले तर कोणात ट्यूब मधेच उघडी, कोणात डोकं वाकडं, बाकी मेलेले. ३० जीव, वाईट वाटलं, आणि ते सरांनाही सांगितलं. त्यावर रात्री २ ला लाइट गेली ती साडेचारला आली, तेव्हा उलट थंड पडलं असणार.

उपाय काकांचाच. इन्क्युबेटर उचलून व्हरांड्यालगतच्या छोट्या खोलीत नेला, समोर मोठा डेझर्ट कुलर, ताट्या नवीन. नागपूरची हवा कोरडी म्हणून कुलर चालतो, खोली २९ वर आली आणि वरून दमटपणाही मिळाला जो अंड्यांना हवाच असतो. रात्रीसाठी थर्माकोलचा डबा आणि गरम पाण्याच्या बाटल्या तयार, लाइट गेली की मी किंवा पार्टनर, ज्याची पाळी असेल तिने उठायचं. हॉस्टेलच्या मॅडमनी परवानगी दिली.

१५ एप्रिल

घरी गेले होते, नंदनवनला. वहिनीने विचारलं, काय करून राहिली तू अंड्यांचं. तिला फोनमधले फोटो दाखवले, ट्यूब दोन्ही कडांनी उचलून मिटते ते. मग तीच हळूच म्हणाली की आता त्या दोघांचा बाळाचा विचार आहे, आणि फोलिकच्या गोळ्या तीन महिने झाल्यावर सुरू करायच्या असतात ना?

नाही. मी तिला बसवून सांगितलं. माणसात ही ट्यूब गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, टेस्ट केली, डॉक्टरकडे गेलो, यात तेवढे दिवस निघून जातात. तीन महिन्यांनी सुरू केली तर जे मिटायचं ते केव्हाच मिटलेलं असतं किंवा राहून गेलेलं असतं. १९९१ मधे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची चाचणी आली, ज्यांना आधी ट्यूब नीट न मिटलेलं बाळ झालं होतं त्या बायकांना गर्भ राहायच्या आधीपासून ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिलं तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. बाकी बहुतेकींसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम, आधीपासूनच.

फोलिक ॲसिड काही सॉनिक हेजहॉगसारखा निरोप नाही, ते भराभर विभागणाऱ्या पेशींना डीएनए बनवायला लागतं. पण वेळेचा हिशोब तोच. वहिनी उद्या डॉक्टरांना विचारून सुरू करते म्हणाली. दादालाही तिथेच बसवून ऐकवलं.

२० एप्रिल

कुलरची बॅच. २४ पैकी १९ चांगले!! ४ जोड्या, ७, १०, १३, १६, अशी पूर्ण रांग मिळाली. ४ जोड्यांवाल्यात डोक्याकडच्या दोन्ही घड्या जवळ येऊन राहिलेल्या, ७ वाल्यात मधल्या मेंदूपाशी चिकटलेल्या, पुढे आणि मागे अजून उघड्या. १० जोड्यांवाल्या एकात सलाइनमधे असतानाच हृदय हललं. मी श्वास रोखून पाहिलं, मधे दोन सेकंद थांबलं, परत हललं. पार्टनरने माझा हात धरून ठेवला होता.

आता रंगवून स्लाइड करणं: बोरॅक्स कार्माइन, अल्कोहोलच्या पायऱ्या, झायलीन, डीपीएक्स. चालू.

२६ एप्रिल

मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, दोन दिवस. उकाड्याने वॅक्स मऊ, रिबन चुरगळते, ब्लॉक बर्फावर ठेवून ठेवून कापले. सकाळी ६ ते ९ एवढंच जमतं.

पण आज एक काप लागला. ७२ तासांचा, खांद्याच्या पातळीवरचा. बरोबर खाली नोटोकॉर्ड, छोटं गोल, आत पोकळ-पोकळ पेशी. त्याच्या डोक्यावर न्यूरल ट्यूब उभी, मधली फट चिरेसारखी. दोन्ही बाजूच्या भिंती जाड, गच्च, केंद्रकांवर केंद्रकं, आणि अगदी तळाला मधोमध भिंत एकदम पातळ, पेशींची एकच छोटी पट्टी. ती फ्लोअर प्लेट. वरच्या टोकाला तशीच पातळ रूफ प्लेट. आणि खालच्या बाजूला दोन्हीकडे भिंतीच्या बाहेरून फिकट झालर, तिथे मोटर न्यूरॉन बाहेर येऊन बसायला लागलेत, वरच्या अर्ध्यात अजून तसं काही नाही. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या नेहमीच्या रंगांनी मला ओलिग२ दिसणार नाही हे माहीत आहे, पण खालची बाजू वरच्या बाजूच्या आधी तयार होते हे दिसतं, डोळ्याने दिसतं. ते बोट लावून सरांना दाखवलं. ते बराच वेळ आयपीसवरून उठले नाहीत, मग म्हणाले, "हा काप पोस्टरवर मोठा घे."

३० एप्रिल

डोके-शेपटी दिशेचा भाग रिपोर्टमधे थोडक्यात घेतला, कारण आमच्या कापांत तो दिसत नाही. मागच्या टोकाकडून एफजीएफ आणि विंट, सोमाइटकडून रेटिनोइक ॲसिड (हे सगळे सिग्नल रेणूच), त्यावर शरीरातली जागा ठरवणाऱ्या हॉक्स जीनचे पट्टे, म्हणून कुठे मान आणि कुठे कंबर. मधला मेंदू आणि मागचा मेंदू यांच्या सांध्यावर एफजीएफ८, त्यात भिजवलेला मणी कोंबडीच्या पुढच्या मेंदूत ठेवला तर तिथे मधल्या मेंदूसारखा भाग तयार झाला, हा १९९६ चा प्रयोग. मुरुमांच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्या गरोदरपणात काऊन चालत नाहीत तेही इथेच एका परिच्छेदात टाकलं, व्हिटॅमिन ए चंच भावंड, आणि गर्भात तो पत्ता सांगणारा रेणू आहे. हॉस्टेलमधल्या दोघी तिघी या गोळ्या घेतात, त्यांनाही सांगितलं.

एकडोळ्या मेंढ्यांचा भाग मात्र सविस्तर. अमेरिकेत आयडाहोला १९५० च्या दशकात कपाळावर एकच डोळा असलेली कोकरं जन्मायला लागली. शोधता शोधता कळलं की मेंढ्यांनी गाभण असताना १४ व्या दिवसाच्या आसपास व्हेराट्रम नावाची रानटी वनस्पती खाल्ली होती. त्यातल्या रेणूचं नाव सायक्लोपामिन, आणि १९९० च्या दशकात समजलं की तो हेजहॉगचा निरोप पेशीच्या आत पोचू देत नाही; तो स्मूदन्डलाच धरतो हे २००२ मधे दिसलं. पुढच्या मेंदूची मधली खूण मिळालीच नाही, म्हणून डोळ्यांचं क्षेत्र दोन भागांत वाटलंच गेलं नाही. दिवस १४. आधी किंवा बरंच नंतर खाल्लं असतं तर असं झालं नसतं.

४ मे

पोस्टर छापायला दिलं. सगळ्या स्लाइडच्या लेबलवर आता पहिला आकडा सोमाइटच्या जोड्यांचा आहे, खाली बारीक अक्षरात तास. १९ होल माउंट, ४६ काप, त्यातले ९ सर्वांत चांगले लाल टिकलीचे.

अगारचा तपकिरी डबा पण प्रेझेंटेशनला न्यायचा आहे, कडा थोड्या सुकल्यात, ओला कापूस ठेवून झाकला. उरलेली १२ अंडी उद्या सकाळी ६ ला येतात, ज्युनियरच्या दोन पोट्ट्यांना रिंग लावायला शिकवायचं कबूल केलं आहे. काकांनी ओली पोती आत्ताच काढून ठेवलीत.